आत्तीच्या लग्नातली चाल

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, बँडपथकाच्या खोलीत, मी लिहिलेली एक बातमी लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली होती. एक कॉलम, चौदा ओळी. हिंदी चित्रपटातल्या एका फार गाजलेल्या नाचाच्या गाण्याची चाल मुळात या बँडच्या मास्तरांच्या थोरल्या भावाने बसवलेली आहे आणि चित्रपट येण्याच्या आधीपासून बँड ती लग्नांत वाजवत होता, असं तिच्यात म्हटलं होतं. बातमी चूक होती. चूक कशी झाली आणि कशी सापडली ते इथे लिहिते आहे, कारण त्यातूनच मला एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रश्न संपादकांनी विचारला होता आणि मी तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायच्या बेतात होते.

प्रश्न असा: त्या गाण्याच्या संगीतकाराचं जेवढं नाव झालं आहे, तेवढ्या नावाला तो लायक आहे का?

नाव लिहीत नाही. गेल्या तीसेक वर्षांत सातारा-सांगलीकडे ज्यांची लग्नं झाली, त्यांतले बहुतेक त्याच्याच कुठल्या ना कुठल्या गाण्यावर मांडवात आले आहेत. साताऱ्यातल्या एका सांस्कृतिक संस्थेने त्याला जीवनगौरव जाहीर केला, तेव्हा मी आमच्या वर्तमानपत्राच्या सांगलीच्या कचेरीत रविवारच्या पुरवणीचं काम बघत होते. संपादक म्हणाले, नुसती आरती नको. एक पान करा. अर्ध्यात त्याच्या बाजूचं, अर्ध्यात विरोधातलं.

विरोधातला लेख दोन दिवसांत आला. मिरजेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी तो लिहिला होता आणि नेटका लिहिला होता. त्यांचं म्हणणं, हा माणूस फक्त गुणगुणतो, बाकी सगळं त्याचे साहाय्यक करतात. एकच चाल कपडे बदलून पुन्हा पुन्हा येते. आणि जे खरोखर चांगलं आहे, ते गावोगावच्या वाजवणाऱ्यांकडून उचललेलं आहे. या शेवटच्या मुद्द्याला त्यांनी पुरावा जोडला होता. पुरावा म्हणजे माझी चौदा ओळींची बातमी.

बाजूचा लेख मात्र मिळेना. ज्यांना ती गाणी मनापासून आवडत होती ते लिहिणारे नव्हते, आणि जे लिहिणारे होते त्यांना ती आवडतात हे छापून यायला नको होतं.

त्यातच कोरेगावकडून वेगळी बातमी आली. मास्तरांच्या गावातल्या लोकांनी संस्थेला पत्र दिलं होतं की चाल आमची आणि सत्कार त्याचा, हे चालणार नाही. संस्थेने वाद टाळायला तोड काढली. संगीतकार मंचावर येण्याच्या आधी मास्तरांना त्यांच्या दिवंगत भावाच्या वतीने शाल-श्रीफळ द्यायचं, आणि मास्तरांनी तिथेच ती चाल क्लॅरिनेटवर वाजवायची. मास्तर सत्तरी ओलांडलेले. पुढचे दात पडल्यापासून त्यांचं वाजवणं बंद झालं होतं, कारण वरच्या दातांचा टेकू नसला की क्लॅरिनेट तोंडात धरता येत नाही. सत्काराचं कळल्यावर ते साताऱ्याला जाऊन कवळी बसवून आले.

संपादकांनी मला समोर बसवलं. प्राध्यापकांचा लेख, गावाचं पत्र आणि संस्थेचा कार्यक्रम, तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत आणि ती खुंटी तुमची बातमी आहे, असं ते म्हणाले. ती घट्ट आहे का? मी म्हटलं, आहे. पुराव्याला व्हिडिओ कॅसेट आहे.

बातमी दिली तेव्हा मी साताऱ्याच्या कचेरीत नवीन होते. पाण्याच्या टँकरची बातमी करायला त्या गावात गेले होते आणि टँकर येईपर्यंत बँडच्या खोलीबाहेरच्या सावलीत बसले होते. तिथे मला ही गोष्ट सांगितली गेली, आणि एकाने नाही, आठ-दहा जणांनी. त्यांनी ती चाल आधी गावच्या लग्नांत ऐकली होती. चित्रपट नंतर यात्रेतल्या तंबूत लागला. गाणं सुरू होताच तंबूतली माणसं उभी राहिली, आपली चाल पडद्यावर आली म्हणून. बँडमध्ये तिला ‘घोड्याची चाल’ म्हणत, कारण नवरदेव घोड्यावर बसला की तीच सुरू करायची. मास्तरांच्या थोरल्या भावाने ती बसवली होती. सगळे त्यांना दादा म्हणत. मी गेले तेव्हा दादांना जाऊन काही वर्षं झाली होती.

एवढ्यावर मी बातमी दिली नसती. दिली, कारण ती चाल चित्रपटाच्या आधी ऐकल्याचं मला स्वतःलाच आठवत होतं.

माझ्या आत्तीचं लग्न सांगलीजवळच्या आमच्या गावात झालं. नवरा फलटणचा, व्यापारी घरातला. वरपक्षाने येताना कोरेगावकडचा हाच बँड आणला होता. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं आटपलेली हवीत. त्यामुळे बाकीच्यांच्या वराती बत्त्यांच्या उजेडात निघायच्या तेव्हा आमच्या नवरदेवाची मिरवणूक दुपारी उन्हात निघाली होती, बस्तीपासून, म्हणजे आमच्या मंदिरापासून, मांडवापर्यंत. मी नऊ वर्षांची होते. त्या चालीची एक खूण आहे. ओळीच्या शेवटी सगळी वाद्यं अर्धी मात्रा गप्प होतात आणि मग एकदम उसळतात. त्या गप्प होण्यावर नाचणाऱ्यांचे हात आपोआप वर जातात. हे थांबणं मला आत्तीच्या लग्नातलं म्हणून स्पष्ट आठवत होतं. लग्न चित्रपटाच्या आधीचं होतं, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. शिवाय लग्नाची कॅसेट होती. तिच्यात ती चाल होती आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती.

चुलतभावाने ती कॅसेट मागेच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती. सुटीच्या दिवशी मी घरी गेले आणि ती टीव्हीला लावली. आई शेजारी बसून पडद्यावरच्या बायका मोजत होती. कोण गेली, कोण अंगाने सुटली, कुणाचं कुणाशी बोलणं राहिलं नाही. मिरवणूक आली, क्लॅरिनेटवर ती चाल सुरू झाली. मी वहीत तारीख लिहून घेतली. काम झालं होतं.

तेवढ्यात आई हसत म्हणाली, “ही कॅसेट आली तेव्हा तुझी आत्ती बाळंतपणाला आलीती. पोराचं बारसं आधी झालं आणि लग्न आम्ही मागनं बघितलं.”

मी टीव्ही थांबवला. आत्तीचा थोरला मुलगा लग्नानंतर दीड वर्षाने झाला. मधल्या काळात तो चित्रपट येऊन गेला होता.

कागदावरची तारीख वेगळी आणि कागद हातात आल्याची तारीख वेगळी, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी मिरवणूक पुन्हा सुरुवातीपासून लावली आणि या वेळी ऐकली नाही, पाहिली. चाल ओळीच्या शेवटाला आली आणि थांबली. पडद्यावरचा ढोलवाला थांबला नाही. त्याच्या काठ्या चालूच राहिल्या. पुढच्या ओळीलाही तेच. नाचणाऱ्या एकाचाही हात वर गेला नाही. आवाज थांबत होता आणि बँड चालत होता.

कॅसेट करणाऱ्याचा स्टुडिओ सांगलीत अजून आहे. आता मुलगा बघतो, पण म्हातारे गल्ल्यामागे बसलेले असतात. त्यांना फोन केला. त्यांनी न संकोचता सांगितलं की तेव्हा सगळेच तसं करत. कॅमेऱ्यात खरा आवाज यायचा तो लाऊडस्पीकरवरच्या सूचनांचा, कुत्र्यांचा आणि पाणी मागणाऱ्या पाहुण्यांचा. म्हणून मिरवणुकीवर चालू गाण्यांची नुसत्या वाद्यांची टेप चढवायची, आणि ती तेव्हा जी गाजत असेल ती. बँड असेल तर क्लॅरिनेटची टेप, म्हणजे शोभून दिसतं. कधी कुणी तक्रार केली नाही, असंही ते म्हणाले.

म्हणजे मला आठवत होतं ते लग्न नव्हतं. दर दिवाळीच्या सुटीत भावंडांबरोबर बघितलेली कॅसेट होती.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना हे सांगितलं. पान छापायला दोन दिवस होते, सत्काराला आठ. त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. एक प्रश्न विचारला, आणि तो बरोबर प्रश्न होता. तुमच्या आत्तीची कॅसेट त्या गावातल्या आठ-दहा जणांनी पाहिलेली नाही. मग ते सगळे कशाच्या आधारावर सांगत होते? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग विचारून या.

बँडच्या खोलीत मास्तर होते आणि त्यांचे जोडीदार होते, कॅसेटमधले तेच ढोलवाले. दोघं एका वयाचे, एकाच आळीतले. मास्तर नव्या दातांनी बोलताना मधून मधून थांबत होते. ढोलवाल्यांनी मला बसायला पत्र्याची पेटी पुढे केली आणि म्हणाले, “दात बघा ताई त्याचे. नवरदेवावानी आरशात बघत बसतोय.”

मी आधी सगळं सांगून टाकलं. कॅसेटवर टेप चढवलेली आहे, माझी आठवण खोटी होती, बातमीला आता आधार नाही. माझी बातमी माझ्या डोक्यावरच भिंतीला होती. मास्तर तिच्याकडे न बघता ऐकत होते. चिडतील असं वाटलं होतं, ते चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आमच्या गावानं काय ऐकलं?”

मी लॅपटॉप उघडला. मास्तरांनी ती कॅसेट कधी पाहिली नव्हती. लग्न फलटणकरांचं, कॅसेट आमच्याकडे. मिरवणूक सुरू झाली आणि टेपवरचं क्लॅरिनेट वाजायला लागलं. त्यांनी हात वर केला.

“आवाज बंद करा.”

मी आवाज बंद केला. शूटिंगवाल्याला त्या उन्हात दुसरं काही टिपण्यासारखं दिसलं नसावं. त्याने कॅमेरा क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर बराच वेळ धरून ठेवला होता. वाजवणारे दादा होते. मास्तर तेव्हा मागच्या रांगेत, ट्रंपेटवर. दादांचा एकच फोटो घरात आहे, तोही टोपी घातलेला, हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा ते चित्रण संपलं तेव्हा ढोलवाले म्हणाले की दादा घाम पुसत नव्हता, तो बघा तसाच ठिबकतोय. मग स्वतःची मिशी दिसल्यावर म्हणाले, तेवढे केस आता डोक्यावर राहिले नाहीत.

मी पुन्हा लावलं. या वेळी मास्तर बोटं बघत होते.

या बँडमध्ये कुणालाही सूर नावाने शिकवलेले नाहीत. दादा वाजवून दाखवत आणि शिकणाऱ्याने बोटं बघायची. मास्तर ट्रंपेट सोडून क्लॅरिनेटवर आले ते असेच, भावाची बोटं बघून. त्यांनी क्लॅरिनेटचा डबा उघडला, तुकडे जोडले, फुंकायची वेताची पत्ती तोंडात धरून भिजवली. मला सांगितलं, जरा जरा थांबवत चला. मी थांबवत गेले आणि ते पडद्यावरच्या बोटांवर आपली बोटं ठेवत गेले. अंगठा मागे असतो, तो दिसत नव्हता, त्यामुळे सूर खालचा की वरचा हे कळत नव्हतं. दोन्हीकडे वाजवून बघायला लागलं. वरचे जुळले.

ही घोड्याचीच चाल आहे, असं मास्तर म्हणाले. पण ही थांबत नाही. आणि दुसरी ओळ सिनेमात वर चढते, इथे खाली उतरते. इतकी वर्षं ते सिनेमातल्यासारखंच थांबत आणि चढत वाजवत आले होते. दादांची चाल अशी होती हे ते विसरून गेले होते.

खाली उतरणारी दुसरी ओळ त्यांनी तीन-चारदा वाजवली. ढोलवाले मांडीवर ठेका धरून बसले होते. त्यांनी ठेका थांबवला आणि मास्तरांना सांगितलं की माझा ढोल काढ त्यातून, आणि निम्म्या चालीनं घे.

मास्तरांनी तेच सूर निम्म्या वेगाने घेतले. दुसऱ्या ओळीला मला कळलं. तिसऱ्या ओळीला ढोलवाले बोलले. “आरं मास्तर, हे बी त्याचंच रं.”

ते त्याच संगीतकाराचं एक जुनं गाणं होतं. संथ, दुःखाचं, दूर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं. त्याच्या पहिल्या दिवसांतलं. दुपारी रेडिओवर लागायचं. माझ्या आईला अजून पाठ आहे.

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं.

“दादानं सांगितलं न्हाई कदी.”

“तू विचारलंस कवा?” ढोलवाले म्हणाले.

उलगडा साधा होता. गाजलेलं गाणं लग्नात वाजवा म्हणून लोक मागतात. पण रडकं गाणं घोड्यापुढे वाजवता येत नाही. म्हणून बँडवाले ते दुपटीत, म्हणजे दुप्पट वेगाने पळवतात आणि खाली ढोल घालतात. त्यात सूर तेच राहतात आणि रडणं निघून जातं. दादांनी तेच केलं होतं. बँडमध्ये चालीला सिनेमाचं नाव राहत नाही, कामाचं राहतं. घोड्याची, हळदीची, मांडवात शिरायची. हंगाम-दोन हंगामांत मूळ गाणं विसरलं गेलं आणि चाल दादांची झाली. पुढे काही वर्षांनी त्या संगीतकाराने आपलंच जुनं गाणं काढलं, तेही दुपटीत पळवलं आणि नाचाचं गाणं केलं. ते तंबूत लागलं तेव्हा गाव उभं राहिलं. गावाने चाल आधी लग्नात ऐकली होती, हे खरंच होतं. त्यांची साक्ष बरोबर होती. तिच्यावरून मी काढलेला अर्थ चूक होता.

तेव्हा मी मास्तरांना एक गोष्ट सांगितली आणि ती मला सांगणं भाग होतं. दादांनी ते गाणं संगीतकाराच्या आधी दुपटीत पळवलं, हे अजूनही खरं आहे. कॅसेटमधली बोटं त्याचा पुरावा आहेत, आणि शूटिंग लग्नाच्या दिवसाचंच आहे. शाल घेताना हे सांगितलं तर ते खोटं होणार नाही. मी तसं छापूही शकते.

मास्तरांनी पत्ती पुसून डब्यात ठेवली.

“पळवायला काय लागतंय, ताई. ढोलवाला बी पळवतो. थांबायचं कुटं, ते सिनेमावाल्याला कळलं. चार हंगाम वाजवली आमी, लोकं पुढं नाचत हुती. दादाला कळलं न्हाई आन् मला बी न्हाई.”

मग त्यांनी संगीतकाराबद्दल आणखी बरंच सांगितलं, आणि ते मी कुठल्याच लेखात वाचलेलं नव्हतं. त्याचे मुखडे असे की पत्ती चिरलेली असली तरी वाजतात, पावसात भिजलेला ढोल असला तरी वाजतात, आणि वाजवणारा कच्चा असला तरी लोक ओळखतात. त्याचे अंतरे मात्र आळशी. पाच-सहा गाण्यांना एकच अंतरा दिलेला आहे. बँडला तो एकदाच बसवावा लागतो, त्यामुळे बँडची सोय होते. मिरवणूक पुढे सरकते, अंतऱ्यापर्यंत कुणी पोचतच नाही, हे त्यालाही ठाऊक असणार, असं त्यांचं मत. इतर दोन-तीन मोठ्या नावांची गाणी त्यांनी बोटांवर मोजली. रेडिओवर गोड लागतात, बँडवर उभी राहत नाहीत, असं सांगून त्यांचा विषय संपवला.

निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दुरुस्ती छापा, पहिली होती तेवढीच, चौदा ओळी. आणि पहिल्या बातमीत दादांचं नाव होतं तसं हिच्यातही येऊ द्या. सत्कार नको, हे संस्थेला ते स्वतः फोन करून सांगणार होते.

मी सांगलीला परतले आणि बाजूचा लेख स्वतः लिहिला. दुसरं कोणी लिहिणारं शोधण्याची गरज उरली नव्हती. प्राध्यापकांच्या पहिल्या आरोपाबद्दल मला काही सिद्ध करता येत नव्हतं. ती अर्धी मात्रा त्याला सुचली की एखाद्या साहाय्यकाला, मला माहीत नाही. पण गाण्याखाली सही त्याची आहे, जशी चौदा ओळींखाली माझी होती. गाणं पडलं असतं तर त्याच्या नावावर पडलं असतं. दुसरा आरोप, एकच चाल कपडे बदलून येते, हा पूर्ण खरा होता, आणि त्याला मी नवा पुरावा दिला. तिसरा या प्रकरणापुरता उलटा होता. उचललं होतं ते गावाने त्याच्याकडून. आणि उत्तर असं लिहिलं की होय, तो लायक आहे. त्याचे अंतरे आळशी आहेत हे मान्य करूनही लायक आहे. स्वतःचंच गाणं दुपटीत पळवणं कुणालाही जमतं. कोरेगाव तालुक्यात ते आधीच जमलेलं होतं. पळणारी चाल नेमकी कुठे अर्धी मात्रा रोखली की रस्त्यावरच्या शंभर अनोळखी माणसांचे हात एकदम वर जातील, हे ठरवणं निराळं काम आहे. त्याचं नाव त्या कामासाठी झालं आहे आणि ते त्याने केलेलं आहे.

प्राध्यापकांनी तिसऱ्या मुद्द्याचा परिच्छेद न कुरकुरता काढून घेतला. फोनवर म्हणाले, माझा दुसरा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. मी हो म्हटलं. पान रविवारी छापून आलं, खाली उजवीकडे चौकटीत चौदा ओळींची दुरुस्ती, माझ्या नावानिशी.

संस्थेला मास्तरांचा फोन गेला तेव्हा तिथल्या लोकांना हायसं वाटलं असणार. वाद राहिला नाही म्हटल्यावर शालही राहिली नाही आणि वाजवणंही राहिलं नाही. त्यांनी दहाव्या रांगेचा एक पास पाठवला. मास्तर गेले नाहीत. त्या दिवशी पाटणकडे एक लग्न होतं. ते नवे दात घालून तिकडे वाजवायला गेले. दात पडल्यानंतर पहिल्यांदाच.

या वैशाखात ढोलवाल्यांच्या नातीचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. आधी बँडच्या खोलीत डोकावले. जुन्या बातमीच्या जागी दुरुस्तीचं लॅमिनेट केलेलं कात्रण होतं. आकार तोच असल्यामुळे भिंतीवरचा जुना चौकोन नीट झाकला गेला होता.

नवरदेव घोड्यावर बसला. मास्तर पुढे आले आणि चाल सुरू झाली. माझ्या शेजारी पन्नाशीचा एक गावकरी उभा होता. मी बाहेरची आहे हे बघून त्याने मला आपणहून माहिती दिली की ही आमच्या गावची चाल, मास्तरच्या दादानं बसवलेली, सिनेमावाल्यानं नेली. मी त्याला सांगितलं की तसं नाही, ते पेपरात छापून आलेलं आहे, मीच लिहिलं आहे, आणि मला मास्तरांनीच सांगितलं.

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

“मास्तर न्हाईच म्हननार, ताई. लय मोठा माणूस हाय त्यो. दुसरा असता तर शाल घिऊन आला असता.”

नंतर मास्तरांना विचारलं तेव्हा कळलं की असं सारखं होतं. ते दोनदा बँड थांबवून लोकांना सांगून बसले आहेत की चाल आमची नाही. दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी मात्र चाल ओळीच्या शेवटाला आली होती. क्लॅरिनेट गप्प झालं, ढोल गप्प झाला. शेजारच्या माणसाने मला आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. ते अर्धवट सोडून त्याने दोन्ही हात वर केले.